काटा अडकला आहे

(१९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल. आमच्या नोकऱ्या राहणार का जाणार, तेवढं सांग." मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी मीच त्यांना फोन करून विषय बदलून घेतला. एआयवर बोलणारे आपल्या ग्रुपवर रोज सकाळी भरपूर आहेत. मला माझ्या वजनावर बोलायचं आहे. हसू नका. म्हणजे हसा, पण ऐका.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मुलुंड स्टेशनवरचं ते वजनाचं मशीन आठवत असेल. रंगीत दिवे, फिरणारी चकती, आणि नाणं टाकलं की खट्कन बाहेर येणारं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. शाळा सुटल्यावर आपण सातआठ जणी तिकडे जायचो. सगळ्या जणी चढायच्या आणि एकमेकींचं भविष्य मोठमोठ्याने वाचायच्या. मी दप्तरं सांभाळायचे. "माझ्याकडे सुटे नाहीत" असं म्हणायचे. नाणं मुठीत असायचं.

वर्गातल्या आरोग्य तपासणीत आकडा मोठ्याने वाचला जायचा, त्याला मात्र इलाज नव्हता. त्या दिवशी मी दांडी मारायचे. बाई, तेव्हा चिठ्ठीत लिहिलेला 'ताप' खोटा होता. आज तीस वर्षांनी कबूल करते.

२०२१मध्ये आपलं रौप्यमहोत्सवी संमेलन करोनामुळे ऑनलाइन झालं. मी कॅमेरा बंद ठेवला होता आणि "नेटवर्क खराब आहे" असं लिहिलं होतं. नेटवर्क उत्तम होतं. माझं वजन ११८ किलो होतं.

शस्त्रक्रियेचा विचार मनात आधीपासून होता. २०१७च्या सुरुवातीला इजिप्तहून इमान अहमद या तरुणीला विमानाने मुंबईत आणलं, सैफी हॉस्पिटलमध्ये तिच्यावर उपचार झाले, तेव्हा 'बेरिअ‍ॅट्रिक' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या घरी पोचला. त्याच फेब्रुवारीत महापालिका निवडणुकीच्या बंदोबस्तावर टिप्पणी म्हणून एका जाड पोलिसाचा फोटो ट्विटरवर फिरला. ते मध्य प्रदेशातले पोलीस निरीक्षक दौलतराम जोगावत निघाले. आपलं वजन आजारामुळे वाढलं आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि पुढे त्यांची शस्त्रक्रियाही मुंबईतच झाली. तो फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला होता. सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. मीही टाकला. ती गोष्ट मला अजून टोचते.

माझी शस्त्रक्रिया जानेवारी २०२४मध्ये झाली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. अर्धी वाटी वरणाने पोट भरतं. पहिल्या महिन्यात ११ किलो गेले. तिसऱ्या आठवड्यात काटा आठ दिवस थांबला, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं, की शरीरातली साठवलेली साखर संपताना तिच्याबरोबरचं पाणीही जातं, म्हणून आधी झपाट्याने उतरतं आणि मग जरा थांबतं. तसंच झालं. काटा पुन्हा उतरू लागला.

मी इंजिनिअर. पहिल्या दिवसापासून एक्सेल शीट ठेवली. रोजचं वजन, सात दिवसांची सरासरी, आलेख. नोव्हेंबर २०२४मध्ये मी ८४ किलोवर आले. लक्ष्य ६५चं होतं. आलेख पुढे ओढून मी हिशोब केला, की या संमेलनापर्यंत आरामात पोचेन. त्या हिशोबावर विसंबून मी पैठणीवर ब्लाउजही शिवून घेतला. दोन मापं लहान.

आणि काटा थांबला. डिसेंबर ८४. जानेवारी ८४. फेब्रुवारी ८४.२. या अवस्थेला प्लॅटो म्हणतात, म्हणजे पठार. भूगोलाच्या बाई, पठारावर एक मार्काचा प्रश्न तुम्ही नेहमी विचारायचात. त्यावर राहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मग मी जे केलं ते चुकीचं होतं, म्हणून सविस्तर सांगते. प्रोग्रॅम अडकला की आपण काहीतरी बदलून पुन्हा चालवतो. मी खाणं बदललं, म्हणजे आणखी कमी केलं. सकाळचं अंडं बंद, रात्रीचं जेवण बंद. दिवसातून तीनदा वजन. घरी सांगायचे ऑफिसात खाल्लं, ऑफिसात सांगायचे घरून खाऊन आले. केसांचे पुंजके हातात यायचे. मार्च २०२५मध्ये एका संध्याकाळी ऐरोलीहून परत आले आणि मुलुंड स्टेशनच्या पुलावर चक्कर येऊन बसले. एका भाजीवाल्या मावशींनी पाणी दिलं आणि विचारलं, "जेवलीस का गं?" कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला हा प्रश्न काळजीने विचारत होतं. मी तिथेच रडले. दुसऱ्या दिवशी तपासणी केली. हिमोग्लोबिन ८.९.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी माझी शीट बघितली आणि म्हणाले, "तुमच्याकडे एकच स्तंभ आहे."

तेव्हा मी वाचायला लागले. त्यात जे समजलं ते आपल्यातल्या डाएट करणाऱ्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल. ११८ किलोचं शरीर चालवायला जितकी ऊर्जा लागते, तितकी ८४ किलोच्या शरीराला लागत नाही. हा साधा हिशोब झाला. पण शरीर त्याहूनही जास्त काटकसर करतं. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजनाच्या मानाने घटायला हवा त्याहून त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च जास्त घटला, आणि त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले. २०१६मध्ये 'द बिगेस्ट लूजर' या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पर्धा संपून सहा वर्षं झाली तरी त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. शरीराला आपलं लग्नसमारंभ किंवा संमेलन कळत नाही. त्याला दुष्काळ कळतो. मी खाणं तोडत होते, तसतसं ते आणखी घट्ट धरत होतं.

स्वीडनमध्ये १९८७पासून अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. पहिल्या एकदोन वर्षांत वजन सर्वांत खाली जातं, मग थोडं वर येतं आणि स्थिरावतं, असंच तिथे दिसलं. तरीही शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच रुग्णांच्या तुलनेत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. म्हणजे पठार हा बिघाड नव्हता. माझा आलेख पुस्तकात असतो तसाच होता. पुस्तकच मी वाचलं नव्हतं.

आता एकच स्तंभ असण्याबद्दल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय सारखा, आतला माल वेगळा! वजनाचा आकडा किती कमी सांगतो, हे त्या एका फोटोत कळतं.

मी शीटमध्ये स्तंभ वाढवले. तीन महिन्यांची सरासरी साखर शस्त्रक्रियेपूर्वी ८.४ होती, ती ५.८ झाली. रक्तदाबाच्या दोन गोळ्या होत्या, आता एक आहे. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री तोंडावर मशीन लावून झोपायचे, ते डॉक्टरांनी तपासून बंद केलं. कमरेचा घेर, एका दमात चढलेले जिने, हिमोग्लोबिन, रोजची प्रथिनं. ज्या महिन्यांत वजनाची रेघ आडवी होती, त्याच महिन्यांत कमर चार सेंटिमीटरने कमी झाली होती. मी तिकडे बघितलंच नव्हतं.

खाण्याचीही प्रामाणिक नोंद केली, आणि दुसरी चूक सापडली. या नळीतून भाकरी-उसळ सावकाश जाते, पण बिस्किट, वेफर्स, आइस्क्रीम सहज सरकतात. जेवण चुकवून मी चहाबरोबर चार बिस्किटं आणि संध्याकाळी वेफर्स खात होते. त्यांना मी 'खाणं' धरतच नव्हते. आता दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं: अंडी, पनीर, मासे, मुगाची धिरडी. जेवताना आधी उसळ, मग भाकरी. लोह, कॅल्शियम, बी-१२ न चुकता, कारण हे आयुष्यभराचं आहे. आठवड्यातून दोनदा डंबेल्स, कारण अर्धपोटी राहून मी चरबीबरोबर स्नायूही घालवले होते. वजन फक्त रविवारी सकाळी. आणि घरी खरं सांगणं. हे शेवटचं सर्वांत अवघड गेलं.

आता तुम्ही शेवट ऐकायला उत्सुक असाल. एवढं करून वजन किती उतरलं? दोन किलो. आज मी ८२ आहे. काटा पुन्हा अडकला आहे. ६५ कदाचित कधीच येणार नाही. ११८मधले ३० टक्के गेले, आणि माझ्या शस्त्रक्रियेचं हे चांगलं फळ आहे, असं डॉक्टर म्हणतात. मला ते पटायला वर्ष लागलं. काही दिवस अजूनही पटत नाही. तो ब्लाउज कपाटात आहे. आज अंगात आहे तो मोठ्या मापाचा, आणि त्यात मला श्वास घेता येतो आहे.

हे सगळं आज इथे का सांगितलं? दोन महिन्यांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा मला मेसेज आला. फक्त मला. तिचीही अशीच शस्त्रक्रिया झाली आहे, काही वजन परत आलं आहे. तिने लिहिलं, "सगळे म्हणतील, ऑपरेशन करूनही अशीच? म्हणून मी येत नाही." मी कितीतरी वेळ तो मेसेज बघत बसले. मुठीत नाणं धरून दप्तरं सांभाळणारी दुसरीही एक मुलगी आपल्यात होती, आणि मला ते माहीत नव्हतं.

ती आज आली आहे का, ते मी सांगणार नाही आणि तुम्हीही शोधू नका. तिला एवढंच सांगते, की तुझं वजन परत आलं असेल तर डॉक्टरांकडे जा, त्यावरही उपचार असतात. स्वतःला उपाशी ठेवू नकोस. आणि बाकीच्यांना एक विनंती. कोणी बऱ्याच दिवसांनी भेटलं की आपण पहिलं वाक्य बोलतो, "किती बारीक झालीस" नाहीतर "किती सुटलास". त्याऐवजी त्या मावशींचा प्रश्न विचारा. जेवलीस का गं?

जेवणात आज श्रीखंड आहे, असं कळलं. मी दोन चमचे घेणार आहे. कृपया आग्रह करू नका, आणि "डाएट का?" असंही विचारू नका. नंतर आपण सगळे स्टेशनवर जाऊ. ते मशीन तिथे असलं, तर आज पहिली मी चढेन. सुटे आणले आहेत.