खाली पेव आहे

आमच्या कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथं बाग करायची तर आधी पावसाची मर्जी सांभाळावी लागते. वसाहतीतल्या बागेत फणसाखाली सावलीचा एक तुकडा होता. तिथं गुलाब लावले, ते कुजले. शेवंती लावली, ती उन्हावाचून झुरली. शेवटी शेजारच्या काकूंनी शेताच्या बांधावरून पेवाचे चार कंद आणून दिले. म्हणाल्या, "भाऊ, हे लावा. याला ऊन नको, कौतुकही नको."

पेव आपल्या सह्याद्रीतलंच. ओढ्याकाठी, झाडांच्या सावलीत वाढणारं. मेअखेर डोळा असलेला कंदाचा तुकडा दोन-तीन इंच खोल पुरायचा, वर पालापाचोळा पसरायचा. पावसात खोड माणसाच्या उंचीला जातं. पानं त्याच्याभोवती गोल जिन्यासारखी चढतात. श्रावण-भाद्रपदात लाल कणसातून पांढरी, कागदासारखी पातळ फुलं एकेक करून उमलतात. हिवाळ्यात मात्र सगळं वाळून मातीला मिळतं.

घात तिथंच झाला. दुसऱ्या वर्षी जानेवारीत साफसफाई करताना कुणीतरी ती 'मेलेली' जागा खणून काढली. मी पोचलो तेव्हा कंद उकिरड्यावर पडले होते. राग आला, आणि लाजही वाटली. मातीखाली काय निजलंय हे मी तरी कुणाला सांगितलं होतं?

काकू मात्र खाली बसून कंद वेचत होत्या. "भूकंपानंतर आईनं ढिगाऱ्यातून जोंधळे असेच वेचले होते," एवढंच बोलल्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा तो भूकंप. तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. माझा जन्मही झाला नव्हता.

मराठीत धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यालाही पेवच म्हणतात. दोन शब्दांचं नातं असो वा नसो, काम एकच: पुढच्या दिवसांसाठी ठेव राखणं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही जागा रिकाम्याच वाटतात.

सात कंद पुन्हा पुरले. जूनमध्ये पाचांना कोंब आले. आता हिवाळ्यात तिथं पाटी असते, 'खाली पेव आहे'. मुलं विचारतात, मी सांगतो.

एक विनंती. कंद रानातून उपटून आणू नका. कोयना अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि अभयारण्यातून झाडं-कंद काढायला कायद्यानं बंदी आहे. शेजाऱ्याकडं मागा. पेव मातीत वाढतच असतं. त्यातला एक तुकडा दिल्यानं देणाऱ्याचं काही कमी होत नाही.