चुलीजवळ विचारलेला प्रश्न



मी केडगावची. म्हणजे आपल्या नगरचं केडगाव, पुणे रस्त्यावरचं, देवीचं केडगाव. हे आधीच सांगून टाकते, कारण ख्रिस्ती बाई केडगावहून बोलतेय म्हटलं की लोक विचारतात, "पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधून का?" ते केडगाव वेगळं, दौंड तालुक्यातलं. 1897 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणून जिथे ठेवल्या, त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली, ते. मागे एक पाहुण्या बाई तिकडे जायला निघाल्या आणि आमच्या केडगावात उतरल्या. त्यांना जेवू घातलं आणि दौंडच्या गाडीत बसवून दिलं. मुक्ती मिशनशी माझा संबंध आला तो एवढाच.

मला आज विषय दिलाय, रोजच्या जगण्यातला ख्रिस्ती विश्वास. मी रेडिओवरच्या ताईंना म्हटलं, अहो, यासाठी पाळकसाहेबांना बोलवा, मी डबे करणारी बाई. त्या म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही बोला. मग डब्यांचंच सांगते.

अकरा वर्षं झाली, मी घरून जेवणाचे डबे देते. सुप्याच्या एमआयडीसीत जाणारी मुलं, नेप्तीच्या कांदा बाजारातले दिवाणजी, दोन-तीन एकटे राहणारे मास्तर. गेल्या वर्षी बत्तीस डबे होते. पहाटे साडेचारला उठायचं, आठच्या आत पहिली खेप द्यायची. माझ्याच्याने एकटीच्याने भाकरी होईना, खांदा धरला होता. डॉक्टर म्हणाले, थापणं बंद करा. आता बत्तीस डब्यांच्या भाकरी थापायच्या बंद करून कसं चालेल?

तेव्हा ती कामाला आली. तिला मी विचारलं, रेडिओवर तुझं नाव घेऊ का? ती म्हणाली, "नाव नको, पोरी शाळेत जातात. पण फासेपारधी म्हटलं तर चालेल, ते लपवू नका." म्हणून ते सांगते. नगर जिल्ह्यात पारधी म्हटलं की माणसं आधी खिशावर हात ठेवतात आणि मग बोलतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण गावात कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कोणाच्या पालावर जातात ते तुम्हीच सांगा.

तिचा हात असा की मी बघत राहिले. पहिल्या दिवशी पीठ मळलं तेव्हाच कळलं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात भिजवून ती असं काही रगडते की भाकरी काठाला चिरत नाही. तव्यावर टाकली की टम्म. आठ दिवसांत डबेवाली मुलं विचारायला लागली, "मावशी, भाकरी बदलली का?"

आणि मी काय केलं? मी तिला म्हणाले, "कोणी विचारलं तर आमच्या पाहुण्यातली आहे म्हणून सांग. जास्त बोलू नकोस." हे मी प्रेमाने म्हटलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. तिचंही काम टिकेल, माझेही डबे टिकतील. रविवारी मंडळीत मी गीत म्हणायला पुढे असते, बायकांच्या प्रार्थनासभेची चिटणीस आहे. मंडळी म्हणजे आमची चर्चची सभासद माणसं, हे माझ्या हिंदू-मुसलमान मैत्रिणींसाठी सांगितलं. तर या चिटणीसबाईंनी आपल्या चुलीजवळ बसलेल्या बाईला सांगितलं की तू कोण आहेस ते सांगू नकोस.

एकदा सकाळी तिला गावाकडून फोन आला. ती दाराशी उभी राहून तिच्या बोलीत बोलली. डबा न्यायला आलेल्या एका मास्तरांनी ते ऐकलं. ती आत गेल्यावर मला हळू आवाजात विचारलं, "काकू, ही पारधी आहे का?" मी म्हटलं, "नाही हो." दुपारी शेजारच्या वहिनींनी विचारलं. त्यांनाही नाही म्हटलं. संध्याकाळी एका मुलाने डबा परत आणून देताना विचारलं, तेव्हा मी जरा चिडूनच म्हणाले, "तुला भाकरी खायची की जात खायची? तसलं काही नाही." उत्तर किती छान दिलं असं वाटून मी आत आले, आणि गॅस बंद करताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात हे तिसऱ्यांदा झालं.

आमच्यातल्या बायकांना एव्हाना कळलं असेल. इतरांसाठी सांगते. प्रभू येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकोटीजवळ शेकत बसला होता. तिथल्या दासीने विचारलं, तू त्याच्याबरोबरचा ना? तो नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी लोक म्हणाले, अरे, तुझ्या बोलण्यावरूनच कळतंय तू तिकडचा. पेत्र गालिलातला, त्याची बोली वेगळी. तरी तो नाहीच म्हणाला, आणि कोंबडा आरवला. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना किती वेळा शिकवली असेल. कोंबड्याचं चित्रसुद्धा काढून घेतलंय. पण ती बोलीची गोष्ट माझ्या कधी ध्यानातच राहिली नव्हती. आणि पेत्राने तलवारीपुढे नाही म्हटलं नव्हतं, शेकोटीशी कोणी सहज विचारलं तेव्हा म्हटलं होतं, हेही.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला माझी आजी आठवली. आजी श्रीगोंद्याकडच्या गावातली, महारवाड्यातली. तिला गावात पाणी वरून ओतून देत. ती ओंजळ धरायची. मी तिची नात, आणि मी तरी काय केलं? तिला माझ्या घरात कप मिळतो, ताट मिळतं, माझ्याच ताटांपैकी. पण दाराबाहेर तिला नाव नाही.

इथे मला लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोललंच पाहिजे. आपल्या नगरच्याच म्हणायच्या त्या. 'स्मृतिचित्रे' कोणी वाचलं नसेल तर जरूर वाचा, जातीपातीचं बाजूला ठेवून निव्वळ हसण्यासाठी वाचलं तरी चालेल. त्यांच्या माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातली मुलगी. अकराव्या वर्षी लग्न. आणि नवरा, नारायण वामन टिळक, कवी माणूस, 1895 मध्ये मुंबईला जाऊन बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. बाईंवर आकाश कोसळलं. चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग नगरला नवऱ्याकडे आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. संतापी माणूस, पण यात त्यांनी सक्ती केली नाही, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे कितीजण बायकोला स्वतःच्या डोक्याने विचार करायला एवढा वेळ देतात?

आणि लक्ष्मीबाईंचं मन फिरलं ते प्रवचन ऐकून नाही. त्या स्वतःच विचार करत बसल्या की जाती केल्या कोणी? देवाने की माणसाने? माणसाने केल्या असं एकदा मनाला पटल्यावर त्यांनी ठरवलं की आता कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. आधी हे झालं, बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये, आपल्या राहुरीला. मला वाटतं या क्रमातच सगळं आलं. पुढे दुष्काळातली मुलं घरात आली, प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. जिला बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय चालत नव्हती अशा घरात वाढलेली ही बाई, हे विसरू नका.

आमच्या मंडळ्यांनी मात्र हा क्रम उलटा केलाय, असं मला स्पष्ट वाटतं. बाप्तिस्मा आधी, आणि जातीचं बघू सावकाश. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. हरिपंत खिस्ती ब्राह्मण घरातले, आणि महार समाजातली माणसं, एकाच मंडळीत आली. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात त्या विधीत, सगळे बरोबरीने बसतात. त्या काळात या गावात ही केवढी मोठी गोष्ट असेल! आणि आज लग्न जमवायची वेळ आली की आम्ही हळूच विचारतो, "मूळचे कोण?" हे रेडिओवर बोलले म्हणून मला काहीजण रागावतील. रागवा. मुलाच्या लग्नाच्या वेळी हा प्रश्न मीही विचारला होता.

तर दुसऱ्या दिवशी ती पीठ मळत होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसले. म्हटलं, "माझं चुकलं. काल तिघांनी विचारलं, मी तिघांना नाही म्हटलं." माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, तीही रडेल. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "ठाऊक आहे मावशी. मास्तरांचं मी आतून ऐकलं." मग भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "चुकलं म्हणता तर रोजाचे पन्नास वाढवा. पंधरा दिवसांपूर्वी बोलला होता."

मैत्रिणींनो, मला हसूच आलं, आणि लाजही वाटली. पश्चात्तापाचं माझं मोठं नाटक चाललं होतं आणि तिला तिची मजुरी हवी होती, जी मी द्यायची कबूल करून विसरले होते. पन्नास वाढवले. मागच्या पंधरा दिवसांचेही दिले.

मास्तरांना मी स्वतः सांगितलं. म्हटलं, काल मी खोटं बोलले, ती पारधी आहे, आणि माझ्याकडेच राहणार आहे. मास्तर म्हणाले, "मी सहज विचारलं होतं." ते आजही डबा नेतात. पण महिन्याभरात सहा डबे बंद झाले. कोणी कारण सांगितलं नाही. एक म्हणाला गावी चाललोय, आणि आठ दिवसांनी तो मला बायपासवरच्या दुसऱ्या खाणावळीत दिसला. सहा डबे म्हणजे माझ्या घरात मोठी रक्कम आहे, खोटं कशाला बोलू. गॅसची टाकी आणि नातीची फी त्यातून निघायची. मालक म्हणाले, "खरं बोलायचं होतं तर पहिल्याच दिवशी बोलायचं, मग हे डबे लावलेच नसते." त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला.

पेत्राची गोष्ट पुढे आहे, ती त्या दिवसांत मी पुन्हा पुन्हा वाचली. प्रभू उठल्यावर सरोवराच्या काठी शिष्यांना भेटला, तेव्हा तिथे पुन्हा कोळशांचा विस्तव होता. त्यावर मासे होते, भाकर होती. न्याहारी त्याने स्वतः केली होती. आपल्यासारख्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी ही ओळ कधी नीट वाचली आहे का? ज्याने तीनदा नाकारलं त्याला त्याने आधी जेवू घातलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे का, आणि प्रत्येक वेळी कामच सांगितलं, माझ्या मेंढरांना चार, त्यांना सांभाळ. त्या रात्री नाही का म्हणालास, हे एकदाही विचारलं नाही.

आता माझ्याकडे अठ्ठावीस डबे आहेत. सहा गेले, दोन नवे आले. तिच्या मोठ्या पोरीचं जातीच्या दाखल्याचं काम अडलंय, त्यासाठी आम्ही दोघी तहसीलला तीन खेपा घातल्यात. पुढच्या आठवड्यात चौथी. कोणा मैत्रिणीला त्यातलं कळत असेल तर मला रेडिओमार्फत निरोप द्या. आजोबांचा पुरावा मागतात आणि आजोबा पालावर जन्मले, पालावर गेले, त्यांचा कागद आणायचा कुठून?

आता ती फोनवर मोठ्याने बोलते, तिच्या बोलीत, दारात उभी राहून. इतकी मोठ्याने की मला कधीकधी म्हणावं लागतं, बाई, जरा हळू, गल्लीला ऐकू जातंय. मग ती आणखी मोठ्याने बोलते.