आपल्या संगणकाशी कोण बोलतंय?

आज गटाच्या कार्यालयातल्या संगणकाविषयी बोलू.

पावसाळ्यात आमचा संगणक अडला. दुरुस्तीवाल्या दादांनी फोनवरून एक प्रोग्राम टाकायला लावला आणि दूर बसूनच काम केलं. संगणक सुरू झाला, आम्ही खूश. पण त्याच संगणकावर गटांच्या कर्जाच्या नोंदी, बायांच्या आधारकार्डाच्या प्रती आणि बँकेचं काम! तो प्रोग्राम गेला की अजून आतच आहे, हे आम्ही कुणी पाहिलंच नाही.

पंधरा दिवसांनी पाहिलं. कसं, ते सांगते. वही-पेन घ्या.

आधी इंटरनेटची सगळी पानं बंद करा. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत सी, एम, डी लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. घाबरू नका, तिथे नुसतं बघितल्यानं काही बिघडत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहा: नेटस्टॅट, एक जागा सोडा, आडवी रेघ, लगेच ए-एन-ओ. एंटर.

ओळीच ओळी येतील. 'लिसनिंग' म्हणजे दार उघडं ठेवून कुणाची तरी वाट बघणं. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे बोलणं चालू आहे. १२७.०.०.१ हा आकडा म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतोय, तो सोडा. ओळीच्या शेवटचा आकडा हा बोलणाऱ्या प्रोग्रामचा नंबर. आता 'टास्कलिस्ट' लिहा, एंटर करा आणि तो नंबर शोधा. शेजारी नाव दिसेल.

आम्हाला दिसलं त्याच दुरुस्तीच्या प्रोग्रामचं नाव. पैसे गेले नव्हते, पण दार मात्र उघडंच होतं.

एक ध्यानात ठेवा. प्रत्येक 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे चोर नव्हे. विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरस हेही बाहेर बोलतात. ओळखीचं नाव नसेल, तर जाणत्या माणसाला विचारा, मगच काढा.

दरवेळी कोण टाइप करणार? नोटपॅडमध्ये तीन ओळी लिहा: पहिली नेटस्टॅटची, दुसरी टास्कलिस्ट, तिसरी पॉज. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन बी-ए-टी लिहा. मग त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं, की सगळी यादी समोर. 'पॉज'मुळे खिडकी लगेच मिटत नाही.

नको असलेला प्रोग्राम सापडला, तर आधी नेट तोडा, त्याचं नाव लिहून घ्या, मग तो काढा. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

हिशोबाची वही आपण दर बैठकीला उघडतो. त्याच दिवशी ही फाइलही उघडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ठेव मात्र आपल्या सगळ्यांची आहे.