नकाशा आणि वाट

माझी सारी नोकरी जमीन मोजण्यात गेली. वाशिम, मालेगाव, रिसोड ह्या तालुक्यांतली शिवारे मी साखळी ओढीत तुडवली. ती साखळी आता गेली. उपग्रहाकडून ठिकाण विचारून घेणारी यंत्रे आली. पण जुनी खोड काही जात नाही. नकाशा समोर आला की माझे डोळे आधी उत्तर दिशा शोधतात, मग प्रमाण, आणि मग वाट.

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून घरी आला. सोबत त्याने एक यंत्र आणले होते. ते दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडले आणि आमच्या बैठकीत एक अख्खा मुलूख उघडला. डोंगर, दऱ्या, पडके किल्ले, राक्षस, घोड्यावर बसलेला एकटा वीर. ‘एल्डन रिंग’ हे त्या खेळाचे नाव. २०२२ साली तो जपानात तयार झाला. अशा खेळात ठरलेली वाट नसते. ह्या मुलखात कुठेही जा, कसेही जा, अशी मोकळीक असते. साहजिकच खेळणाऱ्याला नकाशा लागतो. नातवाने कळ दाबली, नकाशा उघडला, आणि मी चष्मा पुसून पुढे सरकलो.

“उत्तर कुठे आहे रे?” मी विचारले.

“आजोबा, उत्तर वरच असते,” तो म्हणाला.

“बरं. आता हा तुझा वीर घोड्यावर बसून खाली, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या उजव्या हाताला नकाशातलं काय येईल?”

नातू अडखळला. आधी पूर्व म्हणाला, मग मान वाकडी केली, हात फिरवून पाहिले आणि म्हणाला, “पश्चिम.” उत्तर बरोबर होते, पण त्याला जी मान वाकडी करावी लागली, तिच्याविषयीच मला आज बोलायचे आहे. कारण त्या वाकड्या मानेने मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली एक चूक आठवली. ती पुढे सांगतो.

आधी खेळांचे पाहू. मुलाने आणि नातवाने मिळून मला बरीच माहिती पुरवली. २०११ साली ‘स्कायरिम’ नावाचा अमेरिकेतला एक खेळ फार गाजला. त्याचा नकाशा म्हणजे आकाशातून पाहिलेला बर्फाचा मुलूख. ढगसुद्धा तरंगताना दिसतात! पाहायला मोठा सुंदर. पण रस्ते त्यात जेमतेम दिसतात. डोंगराच्या पलीकडचे गाव दिसते, तिथे जायची खिंड दिसत नाही. शेवटी खेळणाऱ्यांनीच स्वतः रस्ते काढलेला नकाशा तयार केला आणि एकमेकांना वाटला. मला ह्याचे नवल वाटले नाही. चित्र निराळे आणि नकाशा निराळा. चित्रात सगळे असते. नकाशात जे लागते तेवढेच असावे लागते.

आता आपला गावनकाशा घ्या. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले, आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इकडची मोजणी सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे, हे त्या मोजणीचे माप. साखळी लांब नि साखळी रुंद असा तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. त्या नकाशात झाडांची पाने नाहीत की ढग नाहीत. पण गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने दाखवलेली असते आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने. पायवाट सव्वाआठ फुटांची, म्हणजे पाव साखळीची. गाडीवाट साडेसोळा फुटांपासून, म्हणजे अर्ध्या साखळीपासून, एकवीस फुटांपर्यंत. एवढ्या दोन रेषांवर गावचे किती जीव अवलंबून असतात, हे ज्याचा माल शेतात अडकला त्याला विचारावे.

दुसरी गोष्ट बाणाची. माझ्या मुलाने शिकत असताना, २००२ साली निघालेला, ‘मोरोविंड’ नावाचा खेळ खेळला होता. त्यात कुठे जायचे हे दाखवणारा बाण नव्हता. गावातला माणूस तोंडी सांगायचा, की पुलावरून जा, नदी डाव्या हाताला ठेव, दोन खडक लागतील तिथून वर चढ. ते वहीत टिपले जाई, आणि खेळणारा ते वाचून वाट काढी. कित्येकदा चुकेही. २००६ साली त्याच मालिकेतला पुढचा खेळ आला आणि त्याने पडद्यावर होकायंत्र बसवले. त्यावर खूण दिसते, तिच्याकडे चालत राहायचे. सोय झाली, ह्यात शंका नाही. पण मुलगा म्हणतो ते ऐका : “बाबा, त्या जुन्या खेळातली गावं मला अजून आठवतात. नव्यातला फक्त बाण आठवतो.”

तोंडी वाट सांगण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वऱ्हाडात कुणालाही रस्ता विचारा. “सीधे जा, निंबाचं झाड लागते, तेथून नाला उतरा, मंग मारुती दिसते,” असेच उत्तर मिळेल. ह्याचे जुने लेखी रूप म्हणजे महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, जेवले, त्या ठिकाणांची ती नोंद आहे. गाव कोणते, देऊळ कोणत्या तोंडाचे, देवळाच्या कोणत्या अंगाला ते स्थान, अशा बारकाईने ती शब्दांत बांधली आहे. रेषा एक नाही, पण तो नकाशाच आहे. पुढे अशा स्थानांवर ओटे बांधले गेले, आणि भाविकांना पोथीतल्या शब्दाची जमिनीवरच्या दगडाशी गाठ घालता आली.

नातवाच्या खेळात मला हीच कल्पना दिसली. तिथे सुरुवातीला नकाशा झाकलेला असतो. मुलखात जागोजाग दगडी स्तंभ उभे आहेत. त्या स्तंभापाशी पोहोचले की तेवढ्या भागाचा नकाशाचा तुकडा हाती लागतो. झाकलेल्या कागदावर स्तंभाची छोटी खूण मात्र आधीपासून असते. म्हणजे, ‘इथे ये, मग पुढचे दाखवतो.’ आम्ही मोजणीला गेलो की आधी तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड शोधायचो. तो सापडला की दिवस सोपा; नाही सापडला, तर साऱ्या गावाला गोळा करून म्हाताऱ्यांच्या आठवणी उकरायच्या.

आणखी एक खेळ जपानचाच, ‘झेल्डा’ मालिकेतला, २०१७ सालचा. त्यात उंच मनोऱ्यावर चढल्यावर त्या टापूचा नकाशा मिळतो. पण त्यावर चढउताराच्या समोच्च रेषा आणि मोजकी नावे सोडली तर फारसे काही नसते. भोवताली नजर टाकून, जे पाहावेसे वाटेल त्यावर खूण आपणच करायची. ह्या खेळाच्या दिग्दर्शकांनी सांगितले आहे, की अंतराचा अंदाज यावा म्हणून त्यांनी आपल्या क्योतो शहराचा नकाशा खेळातल्या मुलखावर ठेवून पाहिला. घरापासून अमक्या ठिकाणी चालत जायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. खोट्या मुलखाला खऱ्या पायांचे माप लावले! त्याच मंडळींनी जमीन रचताना त्रिकोणाचा उपयोग केला. समोर त्रिकोणी टेकडी ठेवायची, म्हणजे पलीकडचे झाकले जाते. चढावे की वळसा घालावा, हे चालणाऱ्याने ठरवायचे, आणि दोन्हीकडून काहीतरी नवे दिसायचे.

त्रिकोण म्हटले की आम्हा मोजणीवाल्यांना लॅम्ब्टनसाहेब आठवतो. १८०२ साली त्याने मद्रासेजवळ पायारेषा मोजली आणि टेकडीवरून टेकडीवर कोन घेत, त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ च्या जानेवारीत आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, त्याने देह ठेवला. त्याने त्रिकोण वापरला तो देश उघडा करण्यासाठी. खेळवाल्यांनी वापरला तो झाकण्यासाठी. दोघांनाही एक गोष्ट पक्की माहीत होती. उभे कुठे राहिल्यावर काय दिसेल, हे आधी ठरवावे लागते.

आता माझी चूक सांगतो. नोकरीची दोन-तीन वर्षे झाली असतील. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात वाटेचा तंटा होता. एका शेताच्या दोन्ही बांधांनी माणसे जात-येत होती. कागदावरची गाडीवाट कोणती, एवढाच प्रश्न होता. मी मोजणी केली. अगदी चोख केली. वाट दक्षिणेच्या बांधाची निघाली. दुपारची वेळ, आम्ही सारे उत्तरेच्या बांधावर निंबाखाली, शेताकडे तोंड करून बसलो होतो. म्हणजे आमची तोंडे दक्षिणेला. मी फळीवर नकाशा पसरला, शाळेत शिकवतात तसाच, उत्तर वर ठेवून. खालच्या कडेला, आमच्या गुडघ्यांपाशी, तुटक दुहेरी रेषा होती. तिच्यावर बोट ठेवून मी म्हणालो, “ही वाट. समजलं ना?” शेतकरी म्हणाला, “हो सायेब.” अंगठा घेतला आणि मी उठलो.

त्याने काय समजावे? नकाशात वाट आपल्या गुडघ्यापाशी आहे, म्हणजे आपण बसलो तोच हा बांध! त्याच्या मनात कपट नव्हते. त्याने मृगाच्या आधी दक्षिणेची गाडीवाट नांगरून तूर पेरली. मागच्या तीन घरांची बैलगाडी अडली. दोन हंगाम त्या घरांनी ज्वारी नि कापूस डोक्यावरून वाहिला. त्यातल्या एका म्हातारीने पुढे मला विचारले, “सायेब, तुमचा कागद खरा व्हता ना? मंग आमची वाट काऊन गेली?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. कागद खरा होता. मी तो उलटा ठेवला होता. प्रकरण तहसिलीत गेले, निकाल लागला, वाट मोकळी झाली. पण त्या दोन घरांचे बोलणे तुटले ते तुटलेच.

त्या दिवसापासून मी एक शिस्त लावून घेतली. नकाशा पसरायचा तो जमिनीसारखा फिरवून. उत्तरेकडे उत्तर, विहिरीकडे विहीर. अक्षरे उलटी आली तर येऊ देत. आणि “समजलं का” असे विचारायचे नाही. “तुमची विहीर बोटाने दाखवा” म्हणायचे. बोट बरोबर पडले की समजावे, नकाशा पोहोचला. खेळ बनवणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे, असे नातू सांगतो. काही खेळांत कोपऱ्यातला छोटा नकाशा माणूस वळेल तसा वळतो. काहींत उत्तर वरच राहते. वळणारा नकाशा वाट चालायला सोपा, पण त्याने सगळ्या मुलखाची घडण डोक्यात बसत नाही. न वळणारा घडण बसवतो, पण मान वाकडी करायला लावतो. शहाणे खेळवाले दोन्ही सोयी ठेवतात आणि निवड खेळणाऱ्यावर सोडतात.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी नातवाला शेतावर नेले. भ्रमणध्वनी घरी ठेवला. त्याला पाटी दिली, कागद दिला, आणि म्हटले, “आता तुझ्या खेळासारखा इथला नकाशा काढ.” आधी टेकाडावर नेले. आमचा हा वाशिम जिल्हा मोठ्या गमतीच्या जागी आहे. इथे पडलेले काही पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला जाते. काही पैनगंगेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. हे ऐकून पोरगा थबकला. “म्हणजे आजोबा, दोन थेंब शेजारी पडले तरी दोन समुद्रांना जातील?” असा प्रश्न ज्या नकाशातून उगवतो, तो नकाशा चांगला.

तासाभराने त्याने कागद आणून दाखवला. विहीर, बाभूळ, सोयाबीनची गंजी, नाल्याचे वळण. आणि आमची पांदण त्याने तुटक दुहेरी रेषेने काढली होती, न सांगता. पायाने मोजून ती किती पावलांची आहे, तेही लिहिले होते.

श्रोतेहो, आपल्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. आता तो संगणकावरही पाहता येतो. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने योजनाही काढली आहे. पण रस्ता मागण्याआधी तो कागदावर कुठे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. नकाशाची प्रत घ्या, शेताच्या बांधावर जा, कागद जमिनीसारखा फिरवा आणि घरातल्या पोरासोरांना विहीर बोटाने दाखवायला सांगा. भांडण कोर्टात जाण्याआधी हे दहा मिनिटांचे काम आहे.

नातवाचा तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यात एकच गोष्ट राहिली होती. उत्तरेचा बाण घालायला तो विसरला होता. आम्ही दोघे टेकाडावर उभे राहिलो, सूर्य कुठे कलला ते पाहिले, आणि तो बाण त्यानेच घातला.