टाकीचे घाव

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. एरवी या काठचा माणूस त्या काठच्या बाजाराला जातो, सोयरीक जुळवतो, अडीअडचणीला धावतो. परंतु पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच दोन काठ एकमेकांसमोर उभे ठाकतात. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा चढवतात आणि दोन्हीकडून दगडांचा वर्षाव सुरू होतो. हाच गोटमारीचा मेळा. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली आणि दोघेही या पात्रात दगडांना बळी पडले, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात. या मेळ्यात आजवर कित्येकांनी प्राण गमावले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते कोणी मानले नाहीत.

याच दोन काठांवरचे दोन वृद्ध मित्र एका हिवाळ्यात सकाळच्या गाडीने नागपूरला गेले. एक सावरगावचा संत्र्यांचा बागाईतदार, दुसरा पांढुर्ण्याचा कापडदुकानदार. बागाईतदाराच्या कपाळावर तरुणपणातल्या गोटमारीची खूण होती. ती कोणाच्या दगडाची, हा प्रश्न चाळीस वर्षांत दोघांनीही एकमेकांना विचारला नव्हता.

प्रथम ते मध्यवर्ती संग्रहालयात गेले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. 1863 मध्ये, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात ते स्थापन झाले. 1956 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्याचीही राजधानी नागपूरच होती. त्यामुळे हे संग्रहालय त्या दोघांना परके नव्हते. मूर्ती, शिलालेख, शस्त्रे पाहत ते सावकाश फिरले. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याची हकीकत दुकानदाराने वाचली होती, ती त्याने सांगितली. नागपूरजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळे आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडले, ती ही स्थळे. तेथील उत्खनन पाहून रात्री परतताना, संग्रहालय स्थापन झाले त्याच वर्षी, हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांनी जमवलेली गोंडांविषयीची टिपणे टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली.

बागाईतदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेलेल्यासाठी त्यायनं दगड मांडले गा. आपण जित्यावर फेकतो."

दुपारी ते दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यात गेले. हे केंद्र 1986 मध्ये स्थापन झाले. अनेक राज्यांचे कारागीर तेथे आपली कला घेऊन येतात. बस्तरचा एक कारागीर पितळी मूर्ती कशा घडतात ते दाखवत होता. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळायचे, वर पुन्हा माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्याची जागा वितळलेले पितळ घेते. शेवटी साचा फोडावा लागतो, म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही.

पलीकडे एक पाथरवट काळ्या दगडातून गणपती कोरत होता. टाकीवर हातोडीचे हलके ठोके पडत होते. दुकानदार सहज म्हणाला, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात."

बागाईतदाराने कपाळावरून हात फिरवला. "घाव तं आपणही लय सोसले. देवपण काही आलं नाही."

दोघे हसले, पण दुकानदाराचे हसणे लवकर थांबले. खाली पाहत तो म्हणाला, "त्या साली मीही काठावर होतो."

"ठावं आहे मले," बागाईतदार म्हणाला आणि नातवासाठी लाकडी बैल पाहू लागला. दुकानदाराने त्याला पैसे देऊ दिले नाहीत.

पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर नेहमीसारखीच गर्दी झाली. दोन माणसे कमी झाल्याने मेळा थांबत नाही. परंतु तान्हा पोळाही त्याच दिवशी असतो. सावरगावातल्या एका अंगणात एक मूल चाकांचा लाकडी बैल ओढत होते आणि दोन म्हातारे ओट्यावर बसून ते पाहत होते. नदीकडचा गलबला ऐकू येत होता. त्यांपैकी कोणीही उठला नाही.