माघ-फाल्गुनांतील रानवाटा

रान पाहावयाचें तें पावसाळ्यांत आणि धबधबा पाहावयाचा तो श्रावणांत, अशी शहरांतील पुष्कळ कुटुंबांची समजूत असते. पांढरकवड्याकडील जाणत्या माणसास विचारल्यास तो मात्र माघ व फाल्गुन हेच महिने सांगेल. पावसाळ्यांत काळ्या दगडावर शेवाळ चढतें, गवत कमरेइतकें वाढतें आणि नाल्याला लोंढा केव्हां येईल ह्याचा नेम नसतो. वैशाखांतील ऊन तर ह्या मुलखांत जिवावर उठतें. ह्या दोहोंच्या मधल्या काळांत थंडी ओसरूं लागते, सागाचीं पानें गळून दरीचा तळ दिसूं लागतो, पळस व काटेसावर फुलतात आणि खोल डोहांत पाणी अजून टिकून असतें. धबधब्याचा गडगडाट त्या वेळीं ऐकूं येत नाहीं. परंतु धबधबा घडला कसा, हें तेव्हांच पाहावयास मिळतें.

पांढरकवडा हें यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्याचें ठिकाण. नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता येथून जातो आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली कीं तेलंगण लागतें. ह्या भूमीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. इ. स. २०२१ मध्यें पांढरकवड्यानजीक शिबला-पारडी येथें रस्त्याच्या खोदकामांत ह्या दगडाचे उभे, कोनाकृती खांब उघडे पडले. जणूं कोणा शिल्पकारानेंच ते घडवून रचले असावेत! वास्तविक लाव्हारस थंड होतांना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्यांतून असे खांब आपोआप तयार होतात. ह्याच भेगांत पाणी शिरतें, खालचा मऊ थर झिजतो, वरचा कठीण थर कड्यासारखा पुढें उरतो आणि प्रवाहाची उडी सुरू होते.

यवतमाळ व नांदेड ह्या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे, तो ह्याच दृष्टीनें पाहावा. पाणी ओसरल्यावर एका नदीच्या अनेक धारा काळ्या खडकांतून वाट काढतांना दिसतात. गोटे भोंवऱ्यांत सांपडून गरगर फिरतात आणि वर्षानुवर्षें खडकास रांजणाचा आकार देतात. असे रांजण वरून लहान व आंत फार खोल असूं शकतात. पाणी संथ दिसलें म्हणून तेथें पोहावयास उतरणाऱ्या तरुणांनीं हें विसरूं नये. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यांत, नेरडीगोंड्याजवळ, कडम नदीवर कुंतला नांवाचा धबधबा आहे. शकुंतलेवरून हें नांव पडलें, असें तेथील लोक सांगतात. तेथें कपारींत सोमेश्वर महादेवाचें स्थान असून महाशिवरात्रीस मोठा समुदाय दर्शनास जातो.

महाशिवरात्रीच्या उल्लेखावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. हिवाळ्याच्या शेवटीं मंडळी जमवून, वाटाड्या घेऊन, दऱ्याखोऱ्यांतून पायीं जाणें हें कांहीं आजचें नवें फॅड नव्हे. विदर्भांतील खेड्यापाड्यांतून पचमढीच्या महादेवाची यात्रा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. नवस फेडणारे भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाचा चढ चढतात. तो मुलूख वालुकाश्माचा असल्यानें तेथील दऱ्या अधिक सरळ व भयाण आहेत. हांडी खोह पाहिली म्हणजे ह्याची खात्री पटते. तरी म्हातारे व बायका ही वाट चालून जात, ती कशाच्या बळावर? पुढें एक वाट जाणणारा, मागें एक खंबीर माणूस, मध्यें अशक्त मंडळी, आणि सर्वांचीं पावलें एकत्र ठेवणारीं महादेवाचीं गाणीं. ह्या साध्या व्यवस्थेंत शेकडो वर्षांचा अनुभव सांठलेला आहे.

पांढरकवड्याच्या रानांत ह्या व्यवस्थेची गरज अधिकच आहे. कारण येथें वाघ आहे. जवळचें टिपेश्वर अभयारण्य १९९७ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा रानांत वाघांची संख्या वाढली म्हणजे तरुण वाघांस बाहेर पडावेंच लागतें. २०१९ सालीं येथील एक वाघ तेलंगण व विदर्भ पालथा घालीत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. गळपट्ट्यावरील नोंदींवरून त्याची चाल सुमारे ३००० किलोमीटर भरली. ह्याच परिसराची दुसरी आठवण दुःखाची आहे. राळेगांव-पांढरकवडा भागांत १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली ‘अवनी’ ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजीं गोळी घालून मारण्यांत आली. घरचा माणूस गमावलेल्या शेतकऱ्याचें दुःख आणि वाघिणीसाठीं हळहळणाऱ्या शहरवासीयाची कळकळ, ह्या दोहोंतील अंतर त्या वेळीं सर्वांस दिसलें.

म्हणूनच अभयारण्यांत पायीं हिंडण्याचा हट्ट धरूं नये. तेथें ठरलेल्या फाटकांतून, वाहनांत बसून, वाटाड्यासह जाण्याचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पायीं सहल काढावयाची ती वनखात्यानें मोकळ्या ठेवलेल्या वाटांवर, दहा-बारा जणांची तुकडी करून आणि स्थानिक वाटाड्याच्या आज्ञेंत राहून. हा वाटाड्या बहुधा गोंड वा कोलाम समाजांतील असतो. कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात व त्यांची कोलामी बोली द्राविड कुळांतील आहे. वानरानें दिलेला इशारा, नाल्याच्या वाळूंतील ताजें पाऊल, कड्यावरचें आग्या मोहोळ, हें सारें त्याच्या नजरेंत अगोदर भरतें. पदवीधर पाहुण्यानें येथें शिष्य व्हावें. ‘ए पोरा’ म्हणून हांक न मारतां ‘दादा’ म्हणावें, आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करतां द्यावी. ज्या रानाच्या राखणींतून पोडावर चार पैसे येतात, तें रान पोडावरचीं माणसें जिवापाड सांभाळतील.

उरलेले नियम थोडेच आहेत. वाळलेल्या पाचोळ्यांत विडीची एक ठिणगी कोसभर रान जाळूं शकते. तेव्हां काडी पेटवूं नये. अत्तर लावून मधमाश्यांस डिवचूं नये. मोठ्यानें बोलूं नये, तुकडी सोडूं नये. सर्वांत महत्त्वाचा नियम पाण्याचा. फाल्गुनांत जो डोह पाहून पाहुण्यांचे डोळे निवतात, तोच पुढें चैत्र-वैशाखांत सांबर, अस्वल व वाघ ह्यांची तहान भागविणार असतो. त्यांत साबण लावूं नये, उष्टें टाकूं नये, आणि ऊन कलण्यापूर्वीं त्याचा कांठ सोडावा. सायंकाळीं पाण्यावर येणारे निराळे असतात. त्यांना दुसरें पाणी नाहीं.