कात्रणाला भाव आला, कष्टाला कधी?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय आहे ‘अपसायकलिंग’. उरलेल्या किंवा टाकून दिलेल्या कापडातून जास्त मोलाची वस्तू तयार करणं. शब्द नवा आहे, काम नवं नाही. शिरूरला अजूनही घोडनदी म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी घरोघरी होती. कुणी तिला वाकळ म्हणायचं, आमच्या घरात गुदडी म्हणत. नाव वेगळं, टाका तोच. गादी दबली की पिंजारी तोच कापूस पुन्हा पिंजून द्यायचा. चांगल्या कपड्याला भोक पडलं तर रफूगर होता. पिंजारी, मन्सुरी, नद्दाफ, दर्जी, रफूगर, आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल वस्तू वाया न घालवण्याच्या कामावर पेटत आली आहे.

कळीदार कुर्ता कसा बेततात ते कधी पाहिलंय का? कापडाचा लांबट तुकडा तिरका कापला की दोन कळ्या निघतात. एक उलटी फिरवून लावायची. काखेत चौकोनी चौबगला. कापड जवळजवळ वाया जात नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कमीत कमी कापडात जास्तीत जास्त तुकडे कसे बसवायचे, हा आमच्या शास्त्रात अवघड मानलेला प्रश्न आहे. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी खास सॉफ्टवेअर असतं. तरीही गोलाई असलेले आधुनिक कपडे बेतताना साधारण १५ टक्के कापड कटिंगच्या टेबलावरच उरतं, असा अंदाज दिला जातो. जुन्या दर्जीने हा प्रश्न खडूने आणि कात्रीने सोडवला होता. त्याला कुणी इंजिनिअर म्हटलं नाही, एवढंच.

आता आकडे पाहू. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापड-कचरा जमा होतो. जगाच्या कापड-कचऱ्यात हा वाटा साधारण साडेआठ टक्के आहे. यातला ४२ टक्के माल अंगावर चढलेलाच नसतो. तो गिरण्या आणि कपड्यांच्या कारखान्यांतून निघालेला असतो. ५१ टक्के आपण वापरून टाकलेला, आणि उरलेला परदेशातून आलेला. म्हणजे जवळपास निम्मा ‘कचरा’ कोरा आहे!

आपल्या भागात असं कापड कुठे असेल? दौंडहून निघणारा रेल्वेचा एक फाटा बारामतीला संपतो. तिथे टेक्स्टाइल पार्क आहे. जिथे कपडे शिवले जातात तिथे कात्रण पडतंच. शिवाय आपल्या पेठांतल्या कापड दुकानांत ताग्याचा शेवटचा तुकडा राहतो, न खपलेला रंग पडून राहतो. टेलरकडे ईद आणि लग्नसराईनंतर पोतीच्या पोती निघतात.

पण ‘उरलेलं कापड’ ही एकच वस्तू नाही, हे नीट समजून घ्या. या कामात बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मीटरभर किंवा जास्त सलग कापड असेल तर त्याचा कुर्ता, फ्रॉक, लहान मुलांचे कपडे होतात. वीतभर तुकड्यांना जोडकाम लागतं. जाकिटाचं पाठीमागचं पान, कुर्त्याची पट्टी, बाह्यांचे काठ होतात. त्याहून लहान चिंध्यांचा कपडा होत नाही. त्या गोधडीत, पायपुसण्यात, उशीत जातात. विणीचं होजिअरी कापड ताणतं, मागावरचं ताणत नाही; दोन्ही एकत्र जोडलं तर शिवण ओढली जाते. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून जोडण्याआधीच धुवायचं. उभा धागा आणि आडवा धागा पाहून तुकडे लावायचे, नाहीतर कपडा अंगावर पिळतो. म्हणजे शिलाई मशीन चालू होण्याआधीच निवडणं, धुणं, इस्त्री करणं, जुळवणं यात तास जातात.

हे तास कुणाचे? बहुतेक बायांचे. सच्चर समितीने २००६ मध्ये हेच दाखवलं होतं. कमावत्या मुस्लिम स्त्रियांचा मोठा हिस्सा घरबसल्या कामात आहे. शिवण, भरतकाम, तयार कपडे, विडी, अगरबत्ती. घरात बसून केलेल्या कामाचे तास कुणी मोजत नाही. नगावर पैसे मिळतात, आणि नगाचा दर समोरचा ठरवतो. आता पुण्यातल्या प्रदर्शनात तुकडे जोडलेलं जाकीट ‘टिकाऊ फॅशन’ म्हणून हजारोंनी विकलं जातं. ते विकलं जावं, माझी तक्रार नाही. पण जोडणाऱ्या हाताला तेच नगाचे पैसे मिळणार असतील, तर कचऱ्याचं सोनं झालं असं म्हणता येईल; कारागिराचं काय झालं?

मी ज्या क्षेत्रात आहे तिथे ग्राहकाला बिल तासावर लागतं. कोणत्या कामाला किती वेळ गेला, हे आम्ही रोज भरतो. कंटाळा येतो, पण पगार त्यावर उभा आहे. हीच साधी सवय आपल्या घरांत हवी. समजा, एका फ्रॉकला उरलेलं कापड ३० रुपयांचं, दोरा-बटण-अस्तर १५ रुपयांचं लागलं. निवडण्यापासून इस्त्रीपर्यंत तीन तास गेले. फ्रॉक १५० ला गेला. खर्च वजा जाता १०५ उरले, म्हणजे तासाला ३५ रुपये. हाताशी वही नसेल तर बाई म्हणेल, ‘शंभर रुपये सुटले.’ वही असेल तर विचारेल, ‘एवढ्यात माझा दिवस का गेला?’

वहीतून उपायही सुचतात. एकेक फ्रॉक करण्याऐवजी एकाच मापाचे दहा फ्रॉक एकदम बेतले, तुकडे आधीच रंग आणि जातीनुसार लावून ठेवले, तर तीनाचे दोन तास होतात. त्याच किमतीला तासाचे साडेबावन्न मिळतात. नीट शिवण, लेबल आणि थेट गिऱ्हाईक असेल, आणि किंमत २५० ठेवता आली, तर तासाचे शंभरावर जातात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे तुम्ही काढा.

सरकारी मदतीबद्दल विचारलं जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ कारागिरांत दर्जी आहे. प्रशिक्षण, साधनांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. त्या यादीत पिंजारी मात्र नाही. दर्जीकाम करणाऱ्यांची नोंद करून द्या. पिंजाऱ्याचं नाव यावं यासाठी अर्ज करा. दोन्ही कामं तरुणांची आहेत, कारण पोर्टल आणि कागद तुम्हाला कळतात.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ‘गूंज’ सुरू केली; २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातले जुने कपडे ते गावात खैरात म्हणून वाटत नाहीत. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याची मान वर राहते. आपल्याकडे रमजानमध्ये कपडे वाटण्याची चांगली रीत आहे. पण ते कपडे आपण घाऊक बाजारातून सगळ्यात स्वस्त बघून आणतो. त्यातले पन्नास जोड गावातल्याच शिवणाऱ्या बायांकडून, रास्त दराने, चार महिने आधी सांगून घेतले तर? एका खर्चात दोन घरं उभी राहतील, आणि त्यातलं एक घर मिंधं नसेल.

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. दौंडचे पाच जण, शिरूरचे पाच जण पुढे या. प्रत्येकाने शिवण करणाऱ्या तीन घरांत एक वही द्या. त्यात कापड कुठून आलं, खर्च किती, तास किती, किती रुपयांना गेलं, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तिथे तुम्ही लिहा. तीन महिन्यांनी त्या तीस वह्या एका टेबलावर ठेवू. मशीन, ब्रँड, इन्स्टाग्राम, सगळ्याची चर्चा त्यानंतर करू. दर काय मागायचा हे तेव्हा आपल्याला अंदाजाने सांगावं लागणार नाही, आणि समोरच्यालाही ते नाकारणं सोपं जाणार नाही.